साहेबरावांचा अंगठा आणि साधूची छाती

डॉक्टर साहेबराव नरवडे यांना स्वतःचा फोन बंद करता आला असता, तर आज या शहरात त्यांचं नाव असतं. हे मी त्यांच्या तोंडावर अनेकदा सांगितलेलं आहे, तेव्हा लिहून ठेवायलाही हरकत नाही.

ते माझ्याकडं आले ते दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर. पाऊस दगा देऊन गेला होता, जायकवाडी तळाला गेलं होतं आणि नळाला पाणी कधी येईल हे नळ सोडणाऱ्यालाही माहीत नव्हतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. गारखेड्यातल्या आमच्या घराचं गॅरेज रिकामं पडलेलं, कारण हे गेल्यावर मी गाडी विकून टाकली होती. एके सकाळी फाटकाशी टेंपो थांबला. त्यातून एक आडव्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले आणि मागून स्टीलचं टेबल.

"जागा बघायला आलो, मॅडम."

"बघायला आलात तर टेबल कशाला आणलंत?"

"आवडलंच म्हणून," ते म्हणाले आणि टेबल उतरवून घेऊ लागले.

अशी सुरुवात. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे. आगाऊपणा मला लगेच ओळखू येतो, पण हा आगाऊपणा नव्हता. ही ढोरांच्या डॉक्टरची सवय होती. गोठ्यात शिरताना कोणी परवानगी मागत नाही.

साहेबराव मूळचे पाचोडजवळच्या एका वाडीचे. घरी शेती, परभणीला पशुवैद्यकी शिकले. त्यांना शस्त्रक्रियेतच पुढं शिकायचं होतं. जागाही मिळाली होती. तेवढ्यात वडील अंथरुणाला खिळले आणि यांनी सरकारी दवाखान्याची नोकरी धरली. ती नोकरी म्हणजे लसी टोचा, गाईंचं रेतन करा, वरच्या साहेबाला आकडे कळवा. मधूनच एखादी म्हैस खिळे, तारा, पिशव्या गिळून बसायची. तिचं पोट यांनी कडुनिंबाखाली उभ्या उभ्या उघडायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा आणि नुसत्या चाचपणीनं तार शोधून काढायची. त्या गोष्टी सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. बाकी नोकरीबद्दल विचारलं की म्हणायचे, "झाली, मॅडम. सरकारनं पोसलं."

निवृत्त झाल्यावर शहरात दवाखाना काढायचा, लहान जनावरांची बारीक, नाजूक शस्त्रक्रिया करायची, हे त्यांनी मनात धरून ठेवलं होतं. शहर बीड बायपासच्या पलीकडं पसरत चाललेलं. शेतांवर इमारती, इमारतींत फ्लॅट, फ्लॅटमध्ये लॅब्रॅडॉर. पण ते लोक यायचे कशाला? नखं कापायला! कान साफ करायला! एक बाई तर कुत्र्याच्या अंगाला वास येतो म्हणून रोज यायची. "अंघोळीला पाणी नाही हो," म्हणायची. साहेबराव तिच्या कुत्र्याला पावडर लावून द्यायचे. मी खिडकीतून बघायची आणि माझंच डोकं तापायचं. त्यांचे हात म्हणजे खोऱ्याची पाती. उजव्या अंगठ्याचं नख कधीकाळी एका वळूनं चेचलेलं, ते कायमचं चपटं आणि काळं. त्या हातात नखं कापायची चिमुकली कात्री.

आणि तो फोन. दुष्काळ पडल्यावर पाचोडच्या बाजूला जनावरांच्या छावण्या उघडल्या. तिथं सरकारी डॉक्टर होता, पण एकटा, नवीन. लोकांना साहेबरावांची सवय. विशेषतः सांडू नावाच्या माणसाला. हा सांडू एका छावणीचा कारभार बघायचा आणि त्याचा आवाज असा की फोन साहेबरावांच्या कानाला आणि शब्द माझ्या स्वयंपाकघरात.

"दादा, गाय फुगलीय! उसाचं वाढं खाऊन लई फुगलीय! तुमी या!"

"तिथला डॉक्टर कुठं गेला?"

"हाय की. पर गाय त्याच्याकडं बघना!"

की हे निघाले मोटारसायकलवर. बाहेर कुत्री ताटकळलेली.

आता मांजराकडं येते.

वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते, अंबिका. पोस्टातून निवृत्त झालेली, मूलबाळ नाही, दीर गेल्यापासून देवपूजा आणि मांजरं. तिच्या मनीनं त्या माघात पिल्लं घातली. इतर पिल्लं कुठं कुठं दिली आणि एक बोका अंबिकेनं ठेवून घेतला, कारण तो गुणी होता. तिचाच शब्द. इतर पिल्लं पडद्यावर चढत, हा बसून असे. इतर पिल्लं आईच्या शेपटीशी खेळत, हा डोळे मिटून पाटावर. दूधही थांबून थांबून पिई. तिनं त्याचं नाव ठेवलं साधू. येईल त्याला कौतुक सांगायची, "मागच्या जन्मी कोणी तपस्वी असणार. बघा ना, जरा दंगा नाही."

एकदा साहेबराव वर पाण्याचा कॅन मागायला गेले. मी तिथंच होते, चहाला. साधू पाटावर बसलेला. साहेबरावांनी सवयीनं त्याला उचललं, पालथं तळहातावर घेतलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी पिल्लू उताणं केलं. उजवा अंगठा छातीवर ठेवला. अंगठा आत गेला. चेचलेल्या नखासकट, सांध्यापर्यंत, छातीच्या मध्यभागी, वाटीत जावा तसा.

"मॅडम, हात लावून बघा."

मी लावला. छातीचं हाड पुढं असायच्या ऐवजी आत, पाठीच्या कण्याकडं खचलेलं. दोन्ही बाजूंना फासळ्यांच्या कडा. त्या खळग्याच्या एका बाजूला काळीज फडफडत होतं, चुकीच्या जागी ढकललेलं.

"हे जन्माचं हाय," साहेबराव म्हणाले. "हाड आत वाढतंय. काळीज न् फुप्फुसं दाबली जात्यात. म्हणून हा बसून असतो, ताई. ह्याला दम पुरत नाय."

अंबिका म्हणाली, "काहीतरीच! त्याचा स्वभाव शांत आहे."

"स्वभाव कळायला आधी श्वास लागतो, ताई."

"तुम्ही गाईंचे डॉक्टर. मांजराच्या स्वभावातलं तुम्हाला काय कळतं?"

साहेबरावांनी पिल्लू पाटावर ठेवलं. कॅन न घेताच खाली गेले. मी मागून गेले तर ते जुन्या पेटीतून परभणीची पुस्तकं काढून बसलेले. इतक्या महिन्यांत त्यांना मी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मला दाखवून सांगू लागले. पिल्लू लहान असतं तोवर हाड मऊ असतं, कूर्चेसारखं. छातीच्या बाहेरून एक कडक पट्टी बसवायची, आपण मोडलेल्या हाताला बसवतो तशी. वाकडी सुई कातडीतून आत घालायची, छातीच्या हाडामागून फिरवून दुसऱ्या बाजूनं काढायची आणि तो दोरा बाहेरच्या पट्टीला बांधून हाड पुढं ओढून ठेवायचं. महिनाभर तसंच. तेवढ्यात हाड नव्या जागी घट्ट होतं. सुई जाते ती आंधळी. तिच्या एका अंगाला हाड आणि दुसऱ्या अंगाला काळीज.

"तुम्हाला जमेल?" मी सरळ विचारलं.

"आंधळं काम मला जमतं, मॅडम. जन्मभर तेच केलंय. पर लवकर करावं लागंल. हाड एकदा पक्कं झालं की मग दोरा तुटंल, हाड हलायचं नाय."

"मुंबईला नाही का होणार?"

"होईल. ह्या उन्हात हा तिथवर पोचायचा नाय."

म्हणजे प्रश्न सरळ होता. पिल्लाची हाडं पक्की व्हायच्या आत हे करायचं. आणि हा माणूस ज्या कामासाठी चाळीस वर्षं तळमळला, ते त्याच्या पुढ्यात येऊन बसलं होतं, माझ्या जावेच्या पाटावर. करायचं फक्त. आमच्याकडं मात्र कोणतीही गोष्ट "करायची फक्त" अशी होतच नाही.

आधी अंबिका. पंधरवडा तिनं ऐकलंच नाही. मी समजावलं, भांडले, पुस्तकातलं चित्र दाखवलं. "वहिनी, तुम्हाला सगळ्यांना दुरुस्तच करायचं असतं," असं तिनं मला ऐकवलं. मग एका दुपारी साधूला काय वाटलं कोण जाणे, पंख्याच्या वाऱ्यानं हलणाऱ्या कागदामागं तो धावला. खोलीचं एक टोक ते दुसरं टोक, एवढंच. आणि आडवा झाला. तोंड उघडं, जीभ जांभळट, पोट भात्यासारखं. अंबिका त्याला पदरात घेऊन अनवाणी जिना उतरली. साहेबरावांनी त्याला गार फरशीवर ठेवलं, कोणाला जवळ येऊ दिलं नाही, आणि हळूहळू तो सावरला. अंबिका उंबऱ्यात उभी. तिथूनच म्हणाली, "खेळला बिचारा पहिल्यांदा. आणि मी म्हणत होते तपस्वी."

मग तिनं घाई सुरू केली. आता ही माझ्या डोक्यावर.

ओळखीच्या एका डॉक्टरांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडच्या यंत्रावर एक्स-रे काढू दिला. त्यात छातीचं हाड आणि कणा यांच्यात करंगळीही मावली नसती. पट्टी कशाची करायची, यावर साहेबराव अडले होते. मग त्यांना आमच्या अंगणातली बोअर दिसली. त्या मार्चमध्ये आम्ही बोअर घेतली होती. खाली खाली जात राहिली आणि फुफाट्याशिवाय काही निघालं नाही. बोअरमध्ये घालायच्या केसिंगच्या, प्लॅस्टिकच्या पाइपचा उरलेला तुकडा भिंतीला उभा होता. त्याला बाक होता, छातीला हवा तसाच. साहेबरावांनी तुकडा कापला, गॅसवर धरून मऊ केला, वाकवला, कडा घासल्या, दोऱ्यांसाठी भोकं पाडली. गुलमंडीवरून अंबिकेनं मऊ फ्लॅनेलचं कापड आणून आतून अस्तर लावलं. बघायला छान दिसत होती. शस्त्रक्रियेआधी नुसती बांधून बघू म्हणून साधूला बांधली.

साधू नाकावर पडला. उठवला, पुन्हा नाकावर पडला. मागचे पाय वर आणि तोंड फरशीला टेकलेलं, नांगराला जुंपल्यासारखा.

"अहो डॉक्टर," मी म्हणाले, "ही कोणासाठी केलीत? वासरासाठी?"

ते खजील झाले. त्यांचा हात सगळं जनावराच्या मापानंच करायचा. अख्खी दुपार कानस घेऊन बसले आणि ती पट्टी घासत राहिले, पुठ्ठ्यासारखी पातळ होईपर्यंत. वर सगळीकडं भोकं पाडली, वजन कमी व्हावं आणि कातडीला वारा लागावा म्हणून. चाळणीच झाली. माझ्या गॅरेजभर पांढरी भुकटी. पाणी नाही पुसायला.

दिवस ठरला. माझ्या कुकरमध्ये सुया, चिमटे, दोरे, ती चाळणी, सगळं कापडात बांधून वाफवलं. त्या दिवशी घरात वरण शिजलं नाही. साधूला फार वेळ उपाशी ठेवायचं नव्हतं, एवढं लहान पिल्लू गळून जातं. सगळं अगदी वेळेवर जुळवलेलं. साहेबरावांनी हात धुवायला घेतले आणि फोन वाजला.

"दादा, तीन म्हशी पडल्यात! उठनात!"

साहेबरावांनी माझ्याकडं बघितलं नाही. हात पुसले.

"उद्या करू, मॅडम."

उद्या नाही, परवाही नाही. दुसऱ्यांदा दिवस ठरला, पुन्हा कुकर, पुन्हा फोन. या वेळी तर मी फाटकात आडवी उभी राहिले. "तुम्ही गेलात तर इथलं कुलूप बदलते," म्हणाले. ते मोटारसायकल थांबवून शांतपणे म्हणाले, "बदला. पर त्या बाईची एकच गाय हाय." आणि गेले. माणसावर चिडावं आणि माणसानं असं उत्तर द्यावं, याहून त्रासदायक दुसरं काही नाही.

दिवस जात होते, ऊन वाढत होतं आणि साधू वाढत होता. हीच पंचाईत होती. घासून केलेली पट्टी आता त्याला अरुंद होऊ लागली. साहेबरावांनी ती पुन्हा तापवून रुंद केली. छातीवर अंगठा ठेवून ते दरवेळी दाबून बघत. आधी हाड लवायचं, आता कमी लवत होतं. ते मला सांगत नव्हते. मला कळत होतं.

तिसऱ्या वेळी ते आदल्या दिवशीच छावणीवर गेले आणि परतलेच नाहीत. फोनवर म्हणाले, "इथं लाळ-खुरकतीची साथ आल्यावाणी दिसतंय. आठ दिवस तरी हलता येणार नाय."

मी फोन आपटला. अंबिकेला सांगायला वर गेले, तर ही बया मांजराच्या टोपलीला ओलं फडकं गुंडाळत होती. दाराशी पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन भरून ठेवलेला. आमच्या घरातलं शेवटचं पाणी.

"काय चाललंय?"

"डॉक्टर येत नाहीत ना? मग आपण जायचं. जीप सांगितली आहे. तुम्ही गॅरेज उघडा आणि ते कुकरमधलं गाठोडं घ्या. येणार असाल तर चला, नाहीतर व्हा बाजूला."

पोस्टात खिडकीवर बसून जिनं जन्मभर "पलीकडच्या खिडकीवर जा" एवढंच म्हटलं असेल, ती हे बोलली. मी चपला घातल्या.

सोलापूरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा वाळून उभ्या होत्या. अंबिका वाटभर फडकं ओलं करत होती. छावणी म्हणजे नुसती जनावरं, जाळीच्या सावलीत दावणीला बांधलेली, पुढं उसाचं वाढं आणि माणसं खाटा टाकून त्यांच्या शेजारीच राहायला आलेली. आम्ही उतरलो तर पहिला भेटला सांडू. काटकुळा, गळ्यात रुमाल, आणि आवाज फोनमध्ये होता तसाच.

"ह्ये काय? मांजर? ओ बाई, हितं माणसं टँकरमागं पळत्यात, अन् तुमी मांजर दवाखान्यात आणलं व्हय?"

चारदोन जण हसले. मी तोंड उघडणार, तोवर अंबिका म्हणाली, "पाणी माझं मी आणलंय. तुझ्या गाईच्या तोंडचं घेतलेलं नाही. डॉक्टर कुठं आहेत?"

सांडू वाट दाखवायला पुढं चालू लागला.

साहेबराव एका बैलाचं तोंड उघडून बघत होते. आम्हाला बघून जे भडकले! "इथं? ह्या धुळीत? तुमाला काही समजतं का? माझ्याकडं भूल द्यायचं यंत्र नाय, काही नाय!"

"तिथं होतं तेव्हा तुम्ही नव्हतात," मी म्हणाले. "आता बोला. हाड अजून लवतंय की नाही?"

त्यांनी हात धुतले, बैलासाठी आणलेल्या औषधाच्या पाण्यानं. टोपलीत अंगठा घातला. बराच वेळ दाबून धरला. मग म्हणाले, "थोडं लवतंय." आणि मग, "आठ दिवसांनी लवणार नाय."

त्यांच्या नोकरीतला जुना सरकारी दवाखाना तिथून हाकेवर होता. त्यातल्या मागच्या खोलीला फरशी होती, दार होतं, टेबल होतं. साहेबरावांनी ती खोली अंबिकेच्या पाण्यानं स्वतः पुसली. गावातल्या माणसांच्या दवाखान्यातून ऑक्सिजनचं नळकांडं आणि तान्ह्या बाळाला लावायची रबरी पिशवी आणवली. ती आणायला कोण गेलं, तर सांडू. भूल सुईनं द्यावी लागणार होती आणि ती जास्त झाली तर संपलं.

मी अंबिकेला म्हणाले, "तू बाहेर थांब. तुझ्यानं बघवणार नाही."

साहेबराव म्हणाले, "नाय. जनावर ज्याचं, त्यानं धरायचं." ही त्यांची गोठ्यातली रीत. शहरात लोक पिल्लू सोपवून फोन बघत बाहेर बसतात. यांच्याकडं गाईचं शिंग मालकानंच धरायचं, मग तो घाबरो की रडो. "ताई, एक हात डोक्याखाली. दुसरा पोटावर. मी सुई घालणार ती ह्याचा श्वास बाहेर पडल्यावर. आत हवा असताना गेली तर फुप्फुस फाटंल. मला तुमी सांगायचं. बाकी काही बोलायचं नाय."

खिडकीला माणसं चिकटलेली. साधू उताणा, छातीवरचे केस काढलेले, खळगा उघडा पडलेला. इतका खोल की मला वाटलं आजवर हा जगला कसा. साहेबरावांनी वाकडी सुई धरली. त्या बोटांत ती दिसतच नव्हती. त्यांनी डोळे मिटले. खरंच मिटले.

"बाहेर," अंबिका म्हणाली.

सुई एका बाजूनं आत गेली. मी पिशवी धरून उभी. सुईचं टोक दुसऱ्या बाजूनं निघालं. दोरा ओढला.

"आत," अंबिका म्हणाली. मग, "बाहेर."

दुसरा दोरा. तिसरा. बाहेर कोणी खोकलं तर सांडूनंच दटावलं, "गप रे, सुई चाललीय!" आणि मग अंबिका काही बोलेना.

"ताई?"

"बाहेरच आहे," ती म्हणाली. "आत येतच नाही."

जीभ निळी पडत चालली होती. साहेबरावांनी सुई तशीच सोडली, पिशवी माझ्या हातून हिसकावली, तिचा मास्क त्या एवढ्याशा तोंडावर दाबला आणि दोन बोटांनी, फक्त दोन बोटांनी, पिशवी दाबू लागले. खिडकीतून सांडूनं हात आत घातला, त्यात गवताची काडी. "दादा, नाकात काडी घाला! वासरू लगेच शिंकतं!"

"ती काडी तुझ्या दातात धर, सांड्या! हे वासरू नाय!"

मला हसू आणि रडू एकदम आलं. अंबिकेचा हात पोटावर तसाच. तिनं डोळे मिटले होते, साहेबरावांसारखेच. आणि मग ती अगदी हळू म्हणाली, "आत."

उरलेले दोरे साहेबरावांनी कसे घातले ते मी बघितलं नाही. मी भिंतीकडं बघत होते. एवढं ऐकू येत होतं, बाहेर, आत, बाहेर. वळून बघितलं तेव्हा ते ती चाळणी छातीवर ठेवून एकेक दोरा भोकांतून ओढून गाठी मारत होते. प्रत्येक गाठीबरोबर तो खळगा वर येत होता, दाबलेली उशी पुन्हा फुगावी तसा. शेवटची गाठ ओढताना ते थांबले. आणखी ओढू बघितलं. पुन्हा थांबले.

"बास. ह्याच्या पुढं येत नाय," म्हणाले. "ह्याच्या पुढं ओढलं तर दोरा हाड कापंल."

त्या आवाजात काय होतं ते मी ओळखलं आणि मला त्यांची कीव न येता रागच आला. तीन आठवड्यांपूर्वी आलं असतं. तो खळगा पूर्ण भरून आला असता.

बाहेर येऊन त्यांनी हात झटकले आणि सरळ त्या बैलाकडं निघून गेले. सांडूनं आमच्यासाठी खाट टाकली, चहा आणला. अंबिकेकडं बघून म्हणाला, "बाई, तुमी लई खंबीर." आणि माझ्याकडं बघून, "तुमी जरा भित्र्या हाव." मी कप तोंडाला लावला. चहा बरा होता.

पुढचा महिना सगळ्यांना छळणारा गेला. साधू घरभर ती चाळणी फरशीवर आपटत हिंडायचा, टक टक टक. माझं घर खाली, म्हणजे ते सगळं माझ्या डोक्यावर. दोऱ्याशी जखमा चिघळायच्या, अंबिका दिवसातून कितीदा तरी कापसानं पुसायची, पुसायला पाणी शोधायची, टँकरवाल्याशी भांडायची. साहेबराव छावणीवरून यायचे, बघायचे, जायचे. गॅरेजसमोरची कुत्री कंटाळून दुसरीकडं जाऊ लागली होती. कोणीतरी कोपऱ्यावर एसी लावलेला नवीन दवाखाना उघडला होता. मी हे त्यांना सांगितलं. म्हणाले, "बरं झालं, नखं तरी नीट कापली जातील."

दोरे काढायचा दिवस आला तेव्हा ते वेळेवर आले. आश्चर्यच. साधूला टेबलावर घेतलं, दोरे कापले, चाळणी उचलून बाजूला ठेवली. खाली कातडी लाल, केस गळलेली. आम्ही दोघी वाकून बघतोय. साहेबरावांनी अंगठा ठेवला.

अंगठा आत गेला. पूर्वीसारखा सांध्यापर्यंत नाही. नखाच्या निम्म्यापर्यंत.

"अर्धा राहिला," ते म्हणाले.

"राहणारच," मी म्हणाले. मला राहवलं नाही. "त्या दिवशी, पहिल्या दिवशी तुम्ही फोन घेतला नसता, तर उरलाच नसता. तुम्हालाही माहीत आहे. एवढं हातात असून..."

"माहीत हाय, मॅडम."

"मग?"

"मग त्या तीन म्हशी मेल्या असत्या." ते चाळणी हातात घेऊन फिरवत होते. "दोन वाचल्या. एक तशीही मेली. मी गेलो नसतो तर हा पुरा झाला असता. दोन्हीचा हिशेब मला बसवता येत नाय. तुमाला येत असला तर सांगा."

रसायनशास्त्रात समीकरण दोन्ही बाजूंनी जुळतं, नाही जुळलं तर आपण चुकलेलो असतो. इथं कोण चुकलं होतं? मी चिडूनच होते. अजूनही आहे.

अंबिका मध्येच म्हणाली, "पण आता पळतो ना तो? काल पडद्यावर चढला. माझा तो चांगला पडदा, खालपासून वरपर्यंत फाडला मेल्यानं. मनीच्या ताटलीतलं पण खातो. कुठली तपश्चर्या आणि काय!"

"ताई, तुमीच म्हणाला होता, स्वभाव शांत हाय."

"शांत? द्वाड आहे! एक नंबरचा द्वाड!"

साहेबराव हसले आणि शेवटचं एकदा बघावं म्हणून अंगठा पुन्हा त्या अर्ध्या खळग्यावर ठेवला. साधूनं मान वळवली. क्षणभर बघितलं. आणि तो चेचलेला, काळ्या नखाचा अंगठा दातांत पकडून कचकन चावला.

"अगं बाई, चावला!" अंबिका किंचाळली. "डॉक्टर, रक्त!"

साहेबराव अंगठा सोडवूनच घेत नव्हते. टेबलाशी वाकून, तो मेला गुरगुरत लटकलेला असताना, ते हसत होते. मिशा हलत होत्या, डोळ्यांतून पाणी.

"चावतोय की," म्हणत होते. "मॅडम, बघा ना, कसा दम धरून चावतोय!"

"धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आधी," मी म्हणाले.

त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला होता.

"घेतो," ते म्हणाले. "पाचोडला घेतो."